हुकमाचा वेग आणि खबरीचा वेग

सरकारचे धोरण परिस्थितीप्रमाणे बदलते की नाही, हे दोन गोष्टींवर ठरते. धोरण चुकते आहे ही खबर वर किती लवकर पोचते, ही एक; आणि पोचल्यावर वरच्यांना आपलाच हुकूम मागे घेता येतो का, ही दुसरी. हुकूमशाही बरी की लोकशाही, असा वाद रंगतो तेव्हा बोलणे बहुधा तिसऱ्याच गोष्टीवर चालते: हुकूम सुटल्यापासून अंमल होईपर्यंत किती वेळ लागला. आठवड्यात उभे राहिलेले इस्पितळ, रातोरात हटलेली अतिक्रमणे, असे दाखले दिले जातात. हा वेग खोटा नाही. पण हुकूम चुकीचा असला तरी तो त्याच वेगाने अमलात येतो, आणि तेव्हा त्याला आवरणारे कोण, हा प्रश्न मागे राहतो.

भेस्तान हे पश्चिम रेल्वेवर सचिन आणि उधना यांच्यामधले स्टेशन. आसपास पांडेसऱ्याच्या डाइंग-प्रिंटिंग मिल, लूमचे कारखाने आणि कामगारांच्या वस्त्या. उधना-जळगाव मार्गाने खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे या दक्षिण सुरतेत दोन-तीन पिढ्यांपासून आहेत. या लोकांच्या इतिहासात एकाच रोगाशी दोन वेगळ्या राजवटी कशा वागल्या, याचा नमुना सापडतो. रोग प्लेग, शहरे पुणे आणि सुरत, साले 1897 आणि 1994.

पुण्यात प्लेग पसरला तेव्हा सरकारकडे अधिकारांची वाण नव्हती. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोगांचा कायदा झाला. त्याखाली सरकारला तपासणी, विलगीकरण, घर रिकामे करणे असे हवे ते करता येत होते. वॉल्टर चार्ल्स रँड याच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली आणि घरझडत्यांसाठी गोरे सैनिक आणले गेले. सैनिक माजघरापर्यंत शिरत, सामान बाहेर काढून जाळत, आजारी माणसाला इस्पितळात आणि त्याच्या घरच्यांना छावणीत धाडत. अंमल कडक आणि झटपट होता. गावकऱ्यांनी तक्रारी केल्या, अर्ज दिले; त्यांची दाद लागली नाही. तक्रार हीच अडथळा मानली जात होती.

त्या वेळी गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सैनिकांकडून स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांची गोष्ट तिथल्या वर्तमानपत्रात सांगितली. सरकारने पुरावा मागितला. ज्यांनी कळवले होते ते पुढे यायला तयार झाले नाहीत, आणि मायदेशी परतल्यावर गोखल्यांना मुंबईचे गव्हर्नर सँडहर्स्ट यांची जाहीर माफी मागावी लागली. गोखल्यांच्या चरित्रात हा प्रसंग त्यांच्या प्रामाणिकपणाचा दाखला म्हणून येतो. राज्यकारभाराच्या दृष्टीने पाहिले तर तो त्याहून अधिक काही सांगतो. खबर देणाऱ्याला खबर सिद्ध करायची जबाबदारी घ्यावी लागते, आणि सिद्ध करू गेल्यास साक्षीदाराची धडगत नसते. अशा कारभारात वरच्यांना खालचे खरे कळण्याची वाटच उरत नाही. 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्यानंतरही सरकारचा पहिला प्रतिसाद धोरण तपासण्याचा नव्हता. पुण्यावर जादा पोलीस बसवले, पुण्यातल्या नातू बंधूंना खटल्याविना अटकेत ठेवले, टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. मार्च 1898 मध्ये मुंबईत दंगल उसळली, इतरत्रही विरोध वाढला, तेव्हा कुठे सक्ती सैल करण्याचे ठरू लागले. मधल्या काळात लोक रोगी लपवायला शिकले होते. पुढच्या दोन-तीन दशकांत प्लेगने देशात एक कोटीच्या वर माणसे नेली. त्याचे सगळे खापर धोरणावर फोडता येणार नाही. पण रोगी लपवायला शिकलेल्या समाजात कोणतीच साथ आटोक्यात येत नसते.

सुरतेचा प्लेग सत्त्याण्णव वर्षांनी आला. त्याआधी ऑगस्ट 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडू लागले आणि गाठीच्या प्लेगचे रोगी सापडले. आदल्या वर्षीच्या किल्लारीच्या भूकंपानंतर लोकांनी घरे सोडली, धान्य आत राहिले आणि उंदीर माजले, असे त्याचे कारण सांगितले जाते. देशात 1966 नंतर प्लेग नोंदला गेलेला नसल्याने यंत्रणा सुस्तावली होती. सप्टेंबरात तापीचा पूर ओसरला, सखल वस्त्यांत चिखल आणि मेलेली जनावरे तशीच राहिली, आणि वेड रोडच्या बाजूला माणसे फुप्फुसाच्या तापाने मरू लागली. प्लेगची बातमी फुटताच काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडले. स्टेशनांवर पाय ठेवायला जागा उरली नाही. खासगी दवाखान्यांना कुलपे लागली. टेट्रासायक्लिन हे प्लेगवरचे औषध मिळेनासे झाले. वर्तमानपत्रांतून मृतांचे भरमसाट आकडे छापून आले. जागतिक आरोग्य संघटनेकडे नंतर नोंदले गेलेले मृत्यू देशभरात 54 होते.

खुल्या बातमीची किंमत म्हणजे ही पळापळ, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मोकळ्या वर्तमानपत्रांनी घबराट पसरवली, पळणाऱ्यांबरोबर रोगही पसरण्याचा धोका होता. मात्र त्याच बातमीमुळे मुंबईपासून दिल्लीपर्यंत इस्पितळे सावध झाली, औषध पोचले आणि साथ काही आठवड्यांत ओसरली. याच्या शेजारी 2003 चा चीन ठेवून पाहावा. सार्सचा ताप नोव्हेंबर 2002 पासून ग्वांगडाँगमध्ये होता. राजधानीतले आकडे सरकार दडपत होते. अखेर च्यांग यानयोंग या लष्करी शल्यविशारदाने एप्रिलमध्ये माध्यमांना पत्र लिहून ते उघड केले. 20 एप्रिलला आरोग्यमंत्री आणि बीजिंगचे महापौर दोघांनाही हटवले गेले, आणि शहरातल्या रोग्यांचा अधिकृत आकडा एका दिवसात सुमारे दहापट झाला. त्यानंतरची चिनी तडफ खरोखर थक्क करणारी होती; शियाओतांगशानचे हजार खाटांचे इस्पितळ आठवड्याभरात उभे राहिले. पण आधीचे पाच महिने त्या तडफेच्या खाती कोणी मांडत नाही. डॉ. च्यांग यांनाही पुढच्याच वर्षी ताब्यात घेण्यात आले.

सुरतेचा खरा बदल प्लेगनंतर आठ महिन्यांनी सुरू झाला. मे 1995 मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी शहराच्या सहा झोनच्या प्रमुखांना आयुक्ताचे प्रशासकीय आणि आर्थिक अधिकार बहाल केले. सकाळी सगळ्या अधिकाऱ्यांनी फिरतीवर जायचे, गटार, कचरा, पाणी डोळ्यांनी पाहायचे, आणि दुपारी बैठकीत एकमेकांसमोर सांगायचे, असा रोजचा शिरस्ता पडला. ज्या खात्याकडून काम अडले ते खाते त्याच बैठकीत समोर असे, त्यामुळे कागद फिरवण्याला वाव राहिला नाही. रस्ते रात्री झाडले जाऊ लागले. घाण करणाऱ्या हॉटेलांना आणि दुकानांना दंड झाले. अवैध बांधकामे पाडताना सुरुवात बड्या धेंडांपासून झाली, म्हणून गरिबांनीही ती पुढे निमूट सोसली. दवाखाने आणि इस्पितळांतून तापाच्या रोग्यांची माहिती रोजच्या रोज गोळा होऊ लागली. मलेरियाचे दोन-चार रोगी एका गल्लीत वाढले तर दुसऱ्या दिवशी फवारणीचे पथक तिथे हजर. दोन वर्षांच्या आत 'इंटॅक' या वारसा-जतन संस्थेच्या पाहणीत सुरत चंडीगडखालोखाल देशातले दुसरे स्वच्छ शहर ठरले. रावांना 1998 मध्ये पद्मश्री मिळाली.

ही कहाणी गेली तीस वर्षे एका विशिष्ट अर्थाने सांगितली जाते: एक खमक्या अधिकारी आला, त्याने कुणाचे ऐकले नाही आणि शहर सुधारले, म्हणजे देशालाही असाच कडक हात हवा. हा अर्थ वस्तुस्थितीला धरून नाही. रावांनी कुणाचे ऐकले नाही हे म्हणणे तर उलटेच आहे. रोज दुपारची ती बैठक ऐकण्यासाठीच होती. त्यांचे अधिकारही खास नव्हते. मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, 1949 हा पुण्याला आणि सुरतेला एकच कायदा होता. त्यात कारभाराची सूत्रे राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्ताकडे, अंदाजपत्रक आणि ठराव निवडून आलेल्या सभेकडे आणि स्थायी समितीकडे, अशी विभागणी आहे. आयुक्त बदलता येतो. पाडकामाविरुद्ध कोर्टात जाता येते. दंड झालेला हॉटेलवाला वर्तमानपत्राकडे जाऊ शकतो आणि नगरसेवकाच्या दारातही. हे सारे दोर बांधलेले असताना मिळालेला वेग हा रँडच्या वेगाहून जातीनेच वेगळा. रावांची बदली झाल्यावर शहर पुन्हा उकिरडा झाले नाही, हा याचा सर्वांत चांगला पुरावा. बमरोलीला 2014 पासून सांडपाणी शुद्ध करून रोज 4 कोटी लिटर पाणी पांडेसऱ्याच्या कारखान्यांना देण्याची सोय झाली, आणि 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरच्या बरोबरीने पहिली आली. एका माणसाच्या दराऱ्यावर चाललेली व्यवस्था तो माणूस गेल्यावर इतकी टिकत नाही.

खबरीचे महत्त्व सगळ्यात निर्दयपणे कळते ते दुष्काळात. चीनमध्ये 1958 साली 'मोठी झेप' सुरू झाली. खालच्या कार्यकर्त्यांनी पिकाचे आकडे फुगवले, वरच्यांनी त्या आकड्यांवर लेव्ही वसूल केली आणि गावांत खायला उरले नाही. संरक्षणमंत्री पंग ते-हुआई यांनी 1959 च्या लुशान बैठकीत माओंना खासगी पत्र लिहून शंका मांडल्या. त्यांचे पद गेले, आणि इतरांनी काय तो धडा घेतला. त्या दुष्काळात मेलेल्यांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत.

महाराष्ट्रात 1970 पासून पाऊस दगा देत होता. 1972 ला कहर झाला. राज्यातले धान्याचे उत्पादन निम्म्याहून खाली आले. दुष्काळी कामे निघाली: खडी फोडणे, नालाबंडिंग, पाझर तलाव. मे 1973 मध्ये सुमारे 50 लाख माणसे या कामांवर होती. कामावर सुकडी हे पौष्टिक खाणे मिळे. त्या पिढीच्या म्हाताऱ्या माणसांना सुकडीची चव अजून आठवते. सरकारने हे आपणहून उदार होऊन केले असे मानू नये. हजेरीपट चुकला, पगार थकला, काम लांब काढले की तहसील कचेरीवर मोर्चा येई. आमदार सभागृहात गावाचे नाव घेऊन प्रश्न विचारीत. वर्तमानपत्रांत फोटो छापून येत. अंदाधुंदी भरपूर होती, पगार तुटपुंजा होता, आणि पोटासाठी कितीतरी कुटुंबांनी गुरे मातीमोलाने विकली. पण भूकबळींचे ढीग लागले नाहीत. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी दुष्काळ-निवारणाचा हा दाखला जगापुढे मांडला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे संकटात केलेली तरतूद कायद्यात उतरली. वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना 1965 पासून तासगावच्या बाजूला लहान प्रमाणात अजमावली जात होती. तिचा कायदा 1977 मध्ये झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. त्याच्या पायावर 2005 मध्ये देशाचा रोजगार हमी कायदा उभा राहिला.

इथे चीनची दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर विवेचन एकांगी होईल. माओनंतरच्या चीनने धोरण बदलण्यात भल्याभल्या लोकशाह्यांना मागे टाकले. आनहुई प्रांतातल्या शियाओगांग गावच्या अठरा शेतकऱ्यांनी 1978 मध्ये चोरून जमीन वाटून घेतली. वरच्यांनी त्यांना तुरुंगात धाडण्याऐवजी पीक पाहिले आणि तीच पद्धत देशभर नेली. शेनझेनमध्ये 1980 मध्ये खुला व्यापार एका कोपऱ्यात करून पाहिला, जमला तेव्हा पसरवला. भारताला 1894 चा भूसंपादन कायदा बदलायला 2013 उजाडले. तेव्हा एकपक्षीय राजवट लवचिक नसतेच, असे म्हणता येत नाही. ती वरच्यांना जे अजमावायचे आहे त्यात लवचिक असते. ज्यात वरच्यांची प्रतिष्ठा गुंतली आहे त्यात ती ताठर होते. एक मूल धोरण 1980 च्या सुमारास सक्तीने आले. जन्मदर पार घसरल्यावरही ते 2015 अखेरपर्यंत चालले. कोविडचे 'शून्य रोगी' धोरण नोव्हेंबर 2022 च्या निदर्शनांनंतर 7 डिसेंबरला जवळपास एका झटक्यात सोडून दिले गेले, तेव्हा पुष्कळ वृद्धांचे लसीकरण पुरे झालेले नव्हते.

भारताला सक्तीच्या कुटुंबनियोजनाचा मोह झाला तो आणीबाणीत. 1976-77 मध्ये देशात सुमारे 82 लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आले नाही. मार्च 1977 च्या निवडणुकीने हे प्रकरण संपवले. पण मतदारांनी उलट्या टोकाला झोका घेतला: पुढच्या वर्षी शस्त्रक्रिया साडेनऊ लाखांवर आल्या आणि कुटुंबनियोजन हा विषय काढायलाच पुढारी बरीच वर्षे घाबरत राहिले. लोकशाहीची दुरुस्ती नेहमीच बेताची नसते.

सुरतेपुरते बोलायचे तर ती दुरुस्ती कशी होते हे कापडाच्या करात पाहायला मिळाले. जीएसटीपूर्वी कापडावर कर नव्हता. 1 जुलै 2017 पासून 5 टक्के लागला. सिंथेटिक सुतावर 18 टक्के होता, म्हणजे सूत घेताना जास्त आणि कापड विकताना कमी, आणि मधला फरक परत मिळायची सोय नाही. लूमवाला नेमका यात अडकला. रिंग रोडच्या कापड बाजाराने जुलैत दोन-तीन आठवडे दुकाने बंद ठेवली, लाखोंच्या संख्येने माणसे मोर्चाला गेली. दिल्ली लगेच हलली नाही. पण डिसेंबरात गुजरातची निवडणूक होती. 6 ऑक्टोबरला जीएसटी परिषदेने सिंथेटिक सूत 12 टक्क्यांवर आणले, नोव्हेंबरात इतर 178 वस्तूंचे दर 28 वरून 18 वर उतरवले. फरकाचा परतावा ऑगस्ट 2018 पासून सुरू झाला. सुतावर आधी भरलेल्या कराची साठलेली पत बुडवण्याची तरतूद 2019 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने रद्द केली. कापड 12 टक्क्यांवर नेण्याचा पुढचा प्रस्ताव 31 डिसेंबर 2021 ला, लागू व्हायच्या आदल्या दिवशी, थांबवण्यात आला. सत्ताधारी पक्षाने 2017 मध्ये सुरत जिल्ह्यातल्या 16 पैकी 15 जागा जिंकल्या. रागावलेल्या बाजाराने सरकार पाडले नाही. सरकारला निवडणुकीची भीती होती, तेवढीच दुरुस्तीला पुरली.

याच शहरात तीन वर्षांनी उलटे चित्र दिसले. 24 मार्च 2020 ला रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि चार तासांत देश बंद पडला. कामगारांकडे ना पगार, ना गावी जाण्याची सोय. मार्चअखेर पांडेसऱ्यात, मग 10 एप्रिलला लसकाण्यात लोक रस्त्यावर उतरले. श्रमिक गाड्या सुटायला 1 मे उजाडला. कापड व्यापाऱ्याचे दुखणे चार महिन्यांत दिल्लीला कळते, आणि त्याच कापडाच्या लूमवर उभ्या असलेल्या माणसाची उपासमार कुणाच्या हिशेबात नसते. कारण सरळ आहे. व्यापाऱ्याचे मत सुरतेत. लूमवरच्या ओडिया मजुराचे मत गंजाम जिल्ह्यात. ज्याचे मत गावी, त्याची गरज सुरतेच्या नगरसेवकाला दिसत नाही; आणि तो सुरतेत असल्याने गावच्या आमदारालाही त्याची आठवण फक्त मतदानाला होते.

खानदेशी वस्तीचा अनुभव याच्या उलट आहे, आणि तो बोलका आहे. जे कायमचे राहिले आणि ज्यांनी नावे इथल्या यादीत घातली, त्यांचे नगरसेवक झाले. लिंबायतमधून 2012 पासून संगीता पाटील आमदार आहेत. जळगाव जिल्ह्यातले मूळ असलेले सी. आर. पाटील 2009 पासून नवसारीचे खासदार आहेत, आणि लिंबायत, उधना, चौर्यासी हे भाग त्यांच्या मतदारसंघात येतात. महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. हे कोणी दानात दिले नाही, मतदारयादीने दिले. भाड्याच्या खोलीत राहून दर हंगामाला गावी जाणारा मजूर, मग तो नंदुरबारचा असो की गंजामचा, अजून यादीबाहेर आहे. सर्वोच्च न्यायालयाने जून 2021 मध्ये सगळ्या राज्यांना 'एक देश, एक रेशन कार्ड' योजना 31 जुलैपर्यंत लागू करायला सांगितले, त्यामुळे आता शिरपूरचे कार्ड भेस्तानच्या दुकानात चालते. टाळेबंदीनंतरची ही खरी सुधारणा. ती व्हायला रस्त्यावरचा उद्रेक आणि न्यायालय दोन्ही लागले, सभागृह पुरले नाही.

रेशनचा कोटा मात्र आजही 2011 च्या जनगणनेवर ठरतो. त्या जनगणनेत सुरतेची लोकसंख्या 44 लाख 67 हजार होती. 1991 मध्ये ती 15 लाख होती, यावरून वाढीची चाल कळते. त्यानंतर भेस्तान, डिंडोली, सचिनच्या बाजूला उभ्या राहिलेल्या वस्त्या सरकारच्या मोजणीत नाहीत. पुढची मोजणी 2021 मध्ये व्हायची होती. ती लांबली, आणि आता तिची संदर्भ-तारीख 1 मार्च 2027 ठरली आहे.